परतीची मोजणी

"उंबऱ्यावर काठी न्हाई ठिवायची," सोनाक्का म्हणाली आणि दारातच फतकल मारून बसली.

तिचा मुलगा बिरा स्टाफ धरून उभा होता. स्टाफ म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तीन तुकड्यांची, उघडली की चौदा फूट होणारी लाकडी मोजपट्टी. तळाला लोखंडी पत्रा. वरचे तुकडे ओढून काढले की मागची पितळी खिट्टी टक्कन बसायला हवी. पन्नासेक पावलांवर माझा वर्गातला जोडीदार तोडकर दुर्बिणीला डोळा लावून वाकला होता. त्याच्या शेजारी वही आणि दोन पेन्सिली घेऊन मी. सकाळी सातला आम्ही जुन्या पुलापासून निघालो होतो आणि आता साडेबारा वाजून गेले होते.

"मिस बेहेरे," तोडकर मान वर न करता म्हणाला, "जा, म्हातारीला समजवा. बायकांचं बायकांना कळतं."

मी गेले. "आक्का, घराची उंची उंबऱ्यावरूनच धरतात. पाणी घरात येतं ते उंबऱ्यावरूनच ना?"

"पानी यील तवा यील. उंबऱ्यावर पाय देत न्हाईत."

"पाय नाही हो, काठी आहे."

"खाली लोखंड हाय की तिच्या. दारात लोखंड रवायचं आन् घराचं बरं व्हायचं?"

"ठिवू दे गं आई," बिरा म्हणाला. "सरकारी काम हाय."

"सरकार दारात आलं तर हळद-कुंकू लावून घीन. नुसतं न्हाई."

आणि तिनं खरंच तसंच केलं. तांब्याभर पाण्यानं उंबरा धुतला, पदरानं पुसला, कुंकवाची बोटं ओढली. मग स्टाफच्या लोखंडाला कुंकू लावलं, बिराच्या कपाळाला लावलं, नि माझ्याही.

"लग्न लागलं का?" तिकडून तोडकर ओरडला. "अक्षता टाकू?"

"तुज्या लग्नात टाकीन, ये हिकडं!" सोनाक्का ओरडली, आणि आम्ही तिघंही हसलो. मग ती बाजूला सरली, बिरानं उंबऱ्यावर स्टाफ उभा केला आणि तोडकरनं आकडा वाचला. मी तो लिहिला.

ही पासष्ट सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी भूगोल विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात तेरा मुलगे आणि मी. त्या काळी भूगोल घेतला म्हटलं की दुसरीकडे जागा मिळाली नसेल असं लोक समजत. माझे वडील शाळेत कारकून होते. ते म्हणत, "नकाशे रंगवून कुणाला नोकरी लागलीय?" खासनीस सरांनी घरी येऊन त्यांना सांगितलं होतं की पहिला वर्ग आणला तर मुलीला डिपार्टमेंटमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेईन. तेवढ्यावर मला शेवटचं वर्ष मिळालं होतं. सर्वेक्षण शिबिराला शंभर मार्क होते.

त्या वर्षीचं शिबिर साधं नव्हतं. बोरणा नदीवर खाली आठ मैलांवर धरण होत होतं. पाणी कुठवर चढेल त्याची रेघ आखून झाली होती. रेघेखालच्या घरांची यादी होती, आणि यादीतल्या घरांना कॅनॉलखाली जमीन आणि नव्या गावठाणात जागा मिळणार होती. मेटकरीवस्तीची अकरा घरं मात्र जुन्या नकाशावर बरोबर त्या रेघेवर बसत होती. वर की खाली, कळत नव्हतं. धरणाच्या ऑफिसात माणसं कमी. तिथले बिराजदार साहेब सरांच्या ओळखीचे. ते म्हणाले, तुमची पोरं तिकडे येतातच आहेत, तर सगळ्यांत खालच्या घराच्या उंबऱ्याची लेव्हल काढून द्या, मी फायलीला लावतो. सगळ्यांत खालचं घर सोनाक्काचं.

सर आनंदानं बेचैन झाले होते. "आपल्या विषयाची कुणाला तरी गरज पडलीय," असं ते बसमध्ये तीनदा म्हणाले.

बिराला यादीत जायचं होतं. सकाळपासून स्टाफ धरता धरता तो मला सांगत होता की नव्या जागेला पाणी आहे, ऊस होतो, पोराला शाळा आहे. सोनाक्काला हलायचं नव्हतं. "मुरमाड रान हाय तिकडं. माझा मालक हितं मातीत हाय. त्याला काय कॅनॉलवर न्यायचा?" मायलेकांचं यावरून वर्षभर बिनसलेलं होतं, आणि आमचा आकडा काय येतो त्यावर ते मिटणार होतं.

दुर्बीण गुंडाळायच्या आत तिनं मला धरलं. "सांग पोरी. ऱ्हातंय का जातंय?"

मी बाभळीखाली बसून बेरजा-वजाबाक्या केल्या. पुलाच्या कठड्यावर कोरलेल्या, उंची माहीत असलेल्या खुणेपासून अकरा टप्पे. तोडकरनं पुन्हा तपासलं. पाण्याची रेघ पंधराशे ब्याऐंशी फुटांवर. उंबरा निघाला पंधराशे चौऱ्याऐंशी पॉइंट अडतीस.

"राहतंय, आक्का," मी म्हणाले. "पाणी तुमच्या उंबऱ्याच्या खाली दोन फूट चार इंचांवर थांबेल."

तिनं माझ्या कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग मातीच्या भिंतीला गाल लावून उभी राहिली, परगावाहून परतलेल्या माणसाला भेटावं तशी. बिरा पायानं ढेकूळ फोडत होता. "म्हंजे आमी यादीत न्हाई," तो म्हणाला. जरा वेळानं हसला. "बरं. आईचं खरं झालं. आता मरंस्तवर मला ऐकवंल."

सोनाक्कानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची गरम भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी. जेवणं झाली तेव्हा दोन वाजले होते. ट्रक वस्तीपाशी साडेचारला येणार होता आणि आमचं अर्धं काम राहिलं होतं.

लेव्हलचा नियम असा की जिथून निघालात तिथं मोजत परत जायचं. परत पुलाच्या खुणेवर पोचलात की पहिला आकडा आला पाहिजे. थोडा फरक चालतो. फार आला तर वाटेत कुठंतरी चूक झाली, सगळं पुन्हा. परतीला चार तास तरी लागले असते.

"रिटर्न टेबलावर करू," तोडकर म्हणाला.

"म्हणजे?"

"मिस बेहेरे, तुम्ही फार सरळ आहात. दरवर्षी सगळे तेच करतात. जाताना आलेले आकडे उलटे फिरवायचे, इकडेतिकडे दोन-तीन शतांश हलवायचे. झालं."

"सरांना कळेल."

"शून्य आणलंत तर कळेल. सरांना शून्याचा वास येतो. दोन वर्षांपूर्वी एकानं शून्य आणलं, सरांनी त्याला भर उन्हात पुन्हा पाठवला. पॉइंट अकरा ठेवायचं. पॉइंट अकरा एकदम खरं वाटतं."

मी नको म्हणू शकले असते. आज एक्याऐंशीव्या वर्षी मला त्या दुपारची बाभळीची सावलीसुद्धा आठवते, आणि मी नको का म्हटलं नाही तेही. उशीर झाला होता हे खरं, ऊनही होतं. पण त्याहून खरं कारण असं की दारात सोनाक्का शेजारणीला सांगत होती, "दोन फूट चार इंच! पोरीनं मोजलं!" परत मोजताना तो आकडा मोडला असता तर तिला पुन्हा सांगायला मला जावं लागलं असतं.

सामान आवरताना तोडकरनं स्टाफ मिटायला घेतला. तो उभा धरला होता. खिट्टीला हात लावायच्या आत वरचा तुकडा आपोआप वीतभर खाली घसरला आणि थांबला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"जुना झालाय," तोडकर म्हणाला.

"सकाळपासून असाच घसरत होता?"

"बिरा काही बोलला नाही."

बोलला होता. चढावर, पाचव्या की सहाव्या टप्प्याला तो खालून ओरडला होता, "सायेब, काठी बसतीया खाली!" आणि तोडकरनं हात हलवून ओरडून सांगितलं होतं, "हलू नका! सरळ धरा!" मी शेजारीच उभी होते. चढावर खालच्या बाजूला धरलेला स्टाफ पूर्ण उघडावा लागतो. वरचा तुकडा घसरला असेल तर प्रत्येक वेळी आकडा मोठा येतो, आणि घर आहे त्यापेक्षा उंच दिसतं. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृतीसकट लिहिलं असतं.

"एखाद्या टप्प्याला वीतभर," तोडकर म्हणाला. "दोन फूट चार इंच आहेत आपल्याकडे. काही होत नाही."

मी मान हलवली. सोनाक्का बोरांची पिशवी घेऊन ट्रकपर्यंत आली. "लगनाला बोलीव," म्हणाली. ट्रक वळेपर्यंत ती रस्त्यात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिराच्या तंबूबाहेर खाटेवर बसून मी परतीची मोजणी लिहिली. अकरा टप्पे. दुसरी पेन्सिल घेतली, कारण दुपारपर्यंत पहिली बोथट झाली असती. चौथा टप्पा बाभळीपाशी, सातवा ओढ्याच्या काठावर, असे शेरे टाकले. पानावर मातीचं बोट फिरवलं. फरक ठेवला पॉइंट अकरा.

सरांनी वही पाहिली, पान उलटलं, माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "इतकं स्वच्छ काम मुलांनी कधी दिलं नाही मला," म्हणाले आणि खाली सही केली. त्याच आठवड्यात नक्कल धरणाच्या ऑफिसात गेली. मला पहिला वर्ग मिळाला. जुलैपासून मी डेमॉन्स्ट्रेटर झाले. पुढच्या वर्षी वडील निवृत्त झाले आणि घर माझ्या पगारावर चालू लागलं. नव्या मुलांना लेव्हल शिकवताना मी स्टाफची खिट्टी प्रत्येकाकडून तीनदा तपासून घेई. मुलं मागे हसत.

सदुसष्टच्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं. महिनाअखेरीस बिराजदार साहेब जीप घेऊन स्वतः कॉलेजात आले. ऑफिसात उभे राहूनच म्हणाले, "खासनीस, ती मूळ वही काढा. आणि ती मोजणी केलेली मुलगी कुठं असेल तर तिलाही घ्या."

"ही काय, इथंच आहे," सर म्हणाले.

तोडकर तेव्हा नोकरीनिमित्त नागपूरला होता.

जीप वस्तीच्या अलीकडेच थांबवावी लागली. जिथं आम्ही दुर्बीण लावली होती तिथं पाणी होतं. सपाट, मातकट, न हलणारं पाणी, आणि त्यातून बाभळींचे शेंडे वर आलेले. अकरापैकी सात घरं बसली होती. ती धाब्याची घरं, मातीच्या भिंती आणि वर मातीचंच जड छप्पर. पायात आठवडाभर पाणी राहिल्यावर भिंती भिजत वर गेल्या आणि छपरानं त्यांना खाली दाबलं. सोनाक्काच्या घराची मागची भिंत तेवढी उभी होती. तिच्यावर पाण्याचा ओला पट्टा माझ्या मांडीएवढा उंच होता.

माणसं वर टेकाडावर गोणपाटं बांधून राहत होती. सोनाक्का तुळयांच्या ढिगाशेजारी बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं.

"आलीस व्हय," म्हणाली. "लगीन झालं?"

"नाही, आक्का."

"बिरा ग्येला आमचा. नऊ दिस झालं."

तुळया वाचवायला तो पाण्यात उतरला होता. भर दुपारी, सगळे बघत असताना. चार काढल्या. पाचवी ओढली आणि छप्पर आलं. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं, पोराला मांडीवर घेऊन, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशा आवाजात.

बिराजदार साहेबांनी तुळयांवर कागद पसरले. ते कडक माणूस होते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता. "यादी बंद होऊन वर्ष झालं. आता ती उघडायला मला कारण पाहिजे. कागद सांगतो, ह्या घराचा उंबरा रेघेच्या वर सव्वादोन फूट आहे. धरण रेघेवर एक इंचही चढलेलं नाही, रोजची नोंद आहे. मग हे पाणी आलं कुठून?"

"आमचं काम पक्कं आहे," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी वही उघडली. "एकेरी मोजणी असती तर शंका घेता आली असती. पण रिटर्न आहे. हे बघा, परतीचा चौथा टप्पा, बाभळीपाशी. सातवा, ओढ्याच्या काठावर. शेवटी पुलाच्या खुणेवर. फरक फक्त पॉइंट अकरा."

सोनाक्का मान तिरकी करून ऐकत होती. "परत कवा मोजलं?" तिनं विचारलं.

"त्याच दिवशी, आजी. दुपारी."

"न्हाई. दुपारी जेवली दोघं. मग ट्रकात बसली. म्या बोरं दिली की. ट्रकापतुर म्या सोता आले व्हते."

"आजी, मुलं काम संपवूनच ट्रकात बसली. हे लिहिलंय."

"लिवल्यालं मला वाचता यीत न्हाई. म्या बघितलं त्ये सांगतीया."

बिराजदार साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे वळले. "बाई, नीट ऐका. रिटर्न झाली नसेल तर तसं सांगा. इथंच सांगा. हा कागद रद्द करतो, नवीन मोजणी लावतो, महिन्याभरात अकरा घरं यादीत घालतो. ह्यांना जमीन मिळेल. त्या पोराच्या बायकोला भरपाई मिळेल. पण रिटर्न झाली असेल तर माझे हात बांधलेत. मग कागदावर हे पाणी धरणाचं नाही. पावसानं ओढा फुगला, त्याचं आहे."

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते वहीतल्या त्यांच्या सहीकडे बघत होते.

 टेकाडावर कुणीतरी तुळईवर तासणी मारत होतं, त्याचे ठोके मी ऐकत होते. मला वडील दिसले, सर दिसले, पगाराचा दिवस दिसला. बिराही दिसला असेल, पण तो मी पाहिला नाही.

"झाली होती," मी म्हणाले.

सोनाक्कानं माझ्याकडे पाहिलं. "व्हय?"

"हो, आक्का."

ती हातानं तुळईवरचा चिखल खरवडत राहिली. मग हळू म्हणाली, "मग आसंल. त्या दिशी मला लई आनंद झाल्ता. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल. शिकल्याली पोरगी, तिला काय पडलंय खोटं बोलायचं?"

"आजी गोंधळल्यात," सर बिराजदार साहेबांना म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती.

सोनाक्का साहेबांकडे वळली. "म्हंजे माजा बिरा वढ्याच्या पान्यानं ग्येला म्हना."

 साहेबांनी टोपण काढलं आणि जबाब लिहू लागले. पाच-सहा ओळींचाच होता. लिहून झाल्यावर त्यांनी तो तिच्यापुढे केला. "वाचून दाखवतो, मग अंगठा द्या."

"तुमी नगो," ती म्हणाली. "ह्या पोरीला वाचू द्या. ही आपली हाय."

मी कागद घेतला. वस्तीत शिरलेलं पाणी ओढ्याचं असून त्याबाबत आपली धरणाच्या ऑफिसाविरुद्ध काही तक्रार नाही, असं त्यात होतं. मी सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता. ती प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती.

बिराजदार साहेबांनी शाईची डबी उघडली. तिनं अंगठा बुडवला, पण तो कुठं टेकवायचा ते तिला दिसेना. हात कागदावर अधांतरी हलत राहिला. मी तो धरला आणि तिला जागा दाखवली.